मुका खांब

रविवारी सकाळी सोंबोरच्या बाजारात
मी व्हॅन उलटी लावतो, मागचं दार गिऱ्हाइकांकडे.
गेलेल्यांची घरं रिकामी करणं हा माझा धंदा.
मुलं व्हिएन्नाहून फोनवर सांगतात,
"झिवानकाका, सगळं उचला, किल्ली शेजारी द्या."
मी उचलतो.

काचेचे पेले, फुलं रंगवलेल्या बशा,
तो हिरवा काचेचा मासा,
एकेकाळी घरोघरी टीव्हीवर बसलेला,
आणि माशाखालचा क्रोशाचा रुमाल.
टीव्ही पातळ झाले,
माशाला टेकायला जागा उरली नाही,
रुमाल तर कधीच घसरून कपाटामागं पडले.

बारा वर्षं मी त्या रुमालांत पेले गुंडाळले.
वर्तमानपत्राची शाई लागते, ह्यांची नाही.
पेल्याचे पैसे, रुमाल फुकट.
एक बाई तर गाडीपर्यंत जाऊन परत आली,
"हे राहिलं तुमचं."

यंदा एप्रिलपासून सगळं उलटं.
बेलग्रेडहून मुली येतात,
एकीच्या दंडावर क्रोशाची सुई गोंदलेली.
तिनं पेला उलगडला, बाजूला ठेवला,
रुमाल उजेडात धरला.
"कितीला?"
मी म्हणालो, अगं, ते पॅकिंग आहे.
"तेच हवंय. फॅशन परत आलीय, काका."

परत?
गेली कुठं होती?
माझ्याच व्हॅनमध्ये होती की,
पेल्यांच्या पोटाशी अंग चोरून.

आता दोरी बांधून चिमट्यांनी लावतो.
लहान तीनशे दिनार, मोठा हजार.
उशांचे अभ्रे, पावाच्या टोपलीतलं कापड,
टेलिफोनला घालायचं एक झबलं होतं,
ते एका पोरानं टोपी म्हणून नेलं,
आणि खरं सांगतो, त्याला शोभत होतं.
शेजारचा भंगारवाला मिर्को ओरडतो,
"झिवान, आतले कपडेही घाल वाळत!"

सप्टेंबरात माल संपला
तसं घरचं कपाट उघडलं.
रादोय्काचे एकूण बेचाळीस.
मी काही हळवा माणूस नाही,
अकरा विकले पहिल्याच रविवारी.

दुसऱ्या रविवारी ती गोंदणवाली पुन्हा आली.
एकावर बोट ठेवून म्हणाली, "हे कसं विणतात?"
मला काय ठाऊक! मी आयुष्यभर ट्रक चालवला.
पण तोंड आपलं आपण सुरू झालं:
तीन साखळ्या, खांब, खांब,
दोन साखळ्या, खांब, मुका खांब…

एकतीस वर्षं ऐकलेलं.
मी दारात उभा, टोपी हातात,
काहीतरी सांगायचं घेऊन आलेला,
आणि ती मान वर न करता एक बोट वर करायची:
थांब. मोजतेय.
मी थांबायचो.
ओळ संपेपर्यंत
निम्मं बोलणं शिळं व्हायचं,
उरलेलं मी सूपाबरोबर गिळायचो.

मुलीनं सगळं फोनवर टिपून घेतलं.
मग रुमाल डोळ्यांजवळ नेला,
नखानं कडेकडेनं मोजत गेली,
एका पाकळीशी अडली.
"इथं एक खांब कमी आहे.
मोजताना कुणीतरी मध्येच बोललं असणार."

बाजार चालू होता.
मिर्कोच्या रेडिओवर हवामान चालू होतं,
कुणी सायकलची चेन विचारत होतं.
मी आठवत होतो
कधी थांबलो नव्हतो मी,
काय होतं ते इतकं, जे ओळीपुरतं राहवलं नाही.
मुलगी म्हणाली, "चुकलेला आहे, स्वस्तात द्याल?"

मी चिमटा काढला.
हिरवा मासा त्यात गुंडाळला
आणि दोघांना पुढच्या सीटवर ठेवलं.
तिला म्हणालो, दुसरा कुठलाही घे,
दोनशेला देतो.